नुसतं धरायचं काम

कवठपाणीला जायचा रस्ता कुणी विचारला, की जळगाव जामोदच्या स्टँडवरची माणसं आधी उलट विचारतात, "कायनं जाता?" मोटरसायकल असली तर तळ्याच्या पाळीवरून जा म्हणतात, ट्रॅक्टर असला तर संत्र्याच्या बगिच्यामागून. आणि दयाराम उमाळेच्या जीपनं जायचं असलं तर काहीच सांगत नाहीत. ती नाल्यातून जाते. नाल्यात पाणी असलं तरी जाते आणि नुसते गोटे असले तरी जाते. फक्त जाताना तिचा पत्रा जसा असतो तसा येताना नसतो.

ही जीप दयारामनं बावीस वर्षांपूर्वी सरकारी लिलावात घेतली. तेव्हा ती पांढरी होती म्हणतात. आज तिचा रंग कोणता यावर गावात एकमत नाही. दयाराम हिरवी म्हणतो आणि कागदावरही तसंच आहे, म्हणून आपणही हिरवी म्हणू. पायदानाच्या वरचा तुकडा गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा आहे. पायाखालचा पत्रा शाळेच्या जुन्या छपराचा आहे. या जीपमध्ये मूळचं असं काय उरलं, असं एकदा शेजारच्या किसनरावनं विचारलं होतं. दयारामनं बराच विचार केला आणि "हॉर्न" म्हणून सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात हॉर्नही बदलला.

पण चालते, बाप्पा! सोयाबीनची पोती, बकऱ्या, नवरी, नवरीकडची माणसं, पंचायतीचा टीव्ही, सगळं तिनं वाहिलं. गुरुवारी शेगावला जाणारी पंधरा माणसं ती नऊ माणसांच्या जागेत नेते. चार बायकांना तिनं बाळंतपणासाठी दवाखान्याकडे नेलं. तिघी वेळेवर पोचल्या आणि चौथीचं नाल्यातच उरकलं. त्या पोराचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण गाव त्याला जीपराव म्हणतं आणि तोही ओ देतो.

दयाराम म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा, उंचीनं बेताचा आणि बोलण्यात त्याहून बेताचा माणूस. त्याला एकच गोष्ट बोलायला आवडते आणि ती म्हणजे जीपचा पत्रा. पावसापाण्याचं विचारलं तर मान हलवतो. पत्र्याचं विचारलं तर खाली बसतो, विचारणाऱ्यालाही बसवतो, आणि मग त्या माणसाचं त्या दिवशीचं काम बुडालं असं समजावं.

हा नाद लागला गुलाबराव मिस्त्रीमुळं. गुलाबरावचं जळगावात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. जीप घेतली त्याच वर्षी दयारामनं मागं घेता घेता ती एका सागावर घातली आणि गुलाबरावकडे नेऊन लावली. गुलाबराव "उद्या" म्हणाला. त्याचा उद्या एकोणीस दिवसांनी आला. ते एकोणीस दिवस दयाराम दुकानासमोरच्या दगडावर बसून होता. त्यानं हातोडी कशी उचलतात ते पाहिलं, कशी पडते ते पाहिलं, कुठं जोरात आणि कुठं हलकी ते पाहिलं. एकोणीस दिवस त्यानं हातोडीवरची नजर हलवली नाही. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "यात काहीच नाई वं. हानाचं, खड्ड्यात लांबीचा लगदा भराचा आन घासाचं."

पुढचा पोचा पडला तेव्हा त्यानं दुकानाकडे तोंडही केलं नाही. हातोडी होतीच. पण पत्र्यावर बाहेरून हाणलं, की पत्रा आत जातो. मागून काहीतरी जड लावून धरल्याशिवाय तो जागेवर येत नाही, एवढं त्याला दोन ठोक्यांत कळलं. त्यानं हाक मारली, "मंजुळा, जड आन गुळगुळीत असं काई असलं त आन."

मंजुळाबाई त्या वेळी पाट्यावर चटणी वाटत होत्या. घरात जड आणि गुळगुळीत अशी एकच वस्तू होती आणि ती त्यांच्या हातातच होती. त्या वरवंटा घेऊन आल्या.

"धर आतून," दयाराम म्हणाला.

त्यांनी धरला. त्या दिवसापासून उमाळ्यांच्या घरची चटणी जाडीभरडी झाली ती झालीच, कारण वरवंटा अर्धा वेळ जीपमध्ये असायचा. पुढं सुचिता झाली. आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवतात आणि मग पोराला पाळण्यात ठेवतात. सुचिताच्या बारशाला वरवंटा सापडेना. शेवटी तो जीपमधल्या बाकाखाली सापडला. कुंची घातली, पण त्याच्या पोटावरचा हिरवा ऑइलपेंट काही निघाला नाही. जमलेल्या बाया हसून हसून लोळल्या. मंजुळाबाईंच्या आईला मात्र हसू आलं नाही.

पुढं सपाट पत्र्यासाठी भंगारातून रुळाचा एक तुकडा आला. पण गोल कोपऱ्याला वरवंट्यासारखं दुसरं काही नाही, हे दयारामचं मत कायम राहिलं. काम असं चालायचं: मंजुळाबाई मागचा फालका, म्हणजे खाली पडणारं दार, उघडून आत शिरायच्या, बाकाखाली आडव्या व्हायच्या, पाय बाहेर, डोकं आत. पोच्याच्या मागं वरवंटा लावायच्या. दयाराम बाहेरून म्हणायचा, "धर." मग आतून टकटक असा दोनदा आवाज यायचा आणि तो हातोडी हाणायचा. कधी एकदाच टक यायचं. मग त्याला वाटायचं, थांबावं जरा. कधी आतून नुसतं घासल्यासारखं व्हायचं, तेव्हा त्याला वाटायचं, आता जरा डावीकडे हाणावं. गोष्ट सांगताना समोरचा हुंकार देतो ना, तशी ती टकटक आहे असं तो धरून चालला होता. बावीस वर्षांत असे किती पोचे निघाले त्याची गणती नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

फाल्गुनातल्या एका रविवारी बुलढाण्याहून सात जीपा आल्या. नव्या कोऱ्या, मोठ्या चाकांच्या, धुऊनपुसून आणलेल्या. चांगला डांबरी रस्ता सोडून त्या नाल्यात उतरल्या. गावातली माणसं पाळीवर जमली. किसनराव म्हणाला, "रस्ता असून नाल्यातून काऊन जाऊन राह्यले बे हे?" हौसेसाठी, असं कुणीतरी सांगितलं. त्यावर किसनरावनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे.

दोन जीपा गोट्यांत फसल्या. दयारामनं आपली हिरवी जीप खाली घातली, दोर बांधला आणि दोन्ही ओढून काढल्या. दुसरी काढताना हिरवीचा मागचा डावा कोपरा बाभळीच्या खोडावर गेला आणि ताटाएवढा पोचा पडला. बुलढाण्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातला नागसेन नावाचा एक पोरगा, चांगला बोलणारा, अदबशीर, मोबाइल काढून जीपभोवती फिरू लागला. दयारामला विचारू लागला, "काका, बॉडीचं काम कुठं करता?"

"घरी."

"कोण करतं?"

"मीच. सगळं एकट्यानं."

"एकट्यानं? काकू मदत करत असतील ना?"

दयारामच्या आयुष्यात मोबाइल पहिल्यांदाच असा तोंडासमोर आला होता. माणसाची छाती अशा वेळी जरा फुगते. तो म्हणाला, "ती काय करते? ती नुसतं धरते."

आणि तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण म्हणतात ना, उचलली जीभ लावली टाळ्याला. तो म्हणाला, "हा पोचा दिसते न? येत्या रविवारी या. तुमच्यासमोर काढून दाखोतो."

"नक्की येतो काका, दहा वाजता," नागसेन म्हणाला आणि त्यानं तेही मोबाइलमध्ये घेतलं.

मंगळवारपर्यंत तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. कवठपाणीची वस्ती साडेसातशे. सुचिता चिखलीला नर्सिंगला असते, तिनं तो आईच्या मोबाइलवर पाठवला. मंजुळाबाईंनी ओट्यावर बसून एकदा पाहिला. मग पुन्हा पाहिला. मग मोबाइल पदरानं पुसून खुंटीवरच्या पिशवीत ठेवला आणि मिरच्या निवडायला बसल्या.

त्याच दुपारी दयारामनं जीप चिंचेखाली लावली, हातोडी काढली आणि हाक मारली, "चाल वं, धर."

"तुमी करा न," मंजुळाबाई मिरच्यांवरची नजर न काढता म्हणाल्या.

दयारामला वाटलं, मिरच्यांचं काम असेल. बुधवारी सकाळी पुन्हा हाक मारली. पुन्हा मिरच्या. मिरच्या तशा पाच किलोच होत्या. बुधवारी संध्याकाळी तो घरात गेला तेव्हा मिरच्या निवडून, वाळवून, डब्यात भरून झाल्या होत्या आणि मंजुळाबाई रिकाम्या बसल्या होत्या. तो म्हणाला, "आता त धरशीन?" त्या उठल्या आणि पाणी भरायला गेल्या. रांजण काठोकाठ भरलेला होता.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला, की काहीतरी बिघडलं आहे. यात त्याला फार दोष देता येत नाही. बावीस वर्षं तो "धर" म्हणाला की धरलं जात होतं. दिवा लावला आणि उजेड पडला नाही असं कधी झालंच नव्हतं.

बाकी घरात सगळं ठीक होतं. भाकरी वेळेवर होती, चहा वेळेवर होता, त्यात साखरही होती. आमच्याकडच्या बाया भांडतात तेव्हा भांडी वाजवतात. मंजुळाबाईंनी तेही केलं नाही. दयारामला भांडी वाजली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी त्यानं किसनरावला बोलावलं. धरायचंच तर काम आहे, कुणीही धरेल. किसनराव बाकाखाली शिरला, वरवंटा लावला आणि "हान" म्हणाला. पण हातोडी वाजली की तो डोळे मिटायचा आणि डोळे मिटले की हात काढून घ्यायचा. पहिल्या ठोक्याला पोच्याच्या बाजूला दुसरा पोचा पडला. दुसरा बरा करायला गेले तर तिसरा. मग किसनरावनं आतून जोर लावला, त्यानं पत्र्याला बाहेर टेंगूळ आलं, आणि टेंगूळ बसवायला गेले तर चौथा पोचा. "मले वाटते आपलं बरं चालू हाये," किसनराव आतून म्हणाला. त्याला आतून काही दिसत नव्हतं.

किसनरावला चहा पाजून घरी पाठवल्यावर दयारामनं एकट्यानं करून पाहिलं. एक हात आत घालून वरवंटा धरायचा आणि दुसऱ्या हातानं बाहेरून हाणायचं. हे ज्याचे हात सहा फुटांचे असतील त्याला जमेल. मग त्यानं टायरची जुनी ट्यूब कापून वरवंटा बाकाच्या पायाला बांधला. पहिल्या ठोक्यालाच पाचवा पोचा पडला, वरवंटा सुटला, खाली पडला आणि शाळेच्या छपराचा पत्रा फोडून जमिनीवर जाऊन बसला. मंजुळाबाईंनी तो आवाज ओट्यावरून ऐकला. त्या आल्या, जीपखाली वाकून वरवंटा उचलला, कुठं कपचा उडाला का ते पाहिलं, आणि घरात घेऊन गेल्या. त्या दिवशी चटणी बारीक झाली.

संध्याकाळी त्यानं सुचिताला फोन लावला. "तुही माय बोलून नाई राह्यली वं."

"बाबा, तुम्ही तो व्हिडिओ पाहिला का?"

"पाह्यला न. चांगला हाये."

"पुन्हा पाहा," सुचिता म्हणाली आणि तिला ड्युटीवर बोलावलं म्हणून फोन ठेवून दिला.

दयारामनं व्हिडिओ पुन्हा पाहिला. आपला सदरा चुरगळलेला आहे एवढं त्याच्या लक्षात आलं.

शुक्रवारी मात्र त्याचं धाबं दणाणलं. एका पोच्याचे पाच झाले होते, दोन दिवसांनी पोरं येणार होती आणि चाळीस हजार माणसं पाहणार होती. शेवटी नाक मुठीत धरून तो गुलाबराव मिस्त्रीच्या दुकानी गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

गुलाबराव आता म्हातारा झाला होता. त्यानं जीपला एक चक्कर मारली. मग फालका पाडून आत वाकला आणि पत्र्याच्या आतल्या बाजूवरून तळहात फिरवू लागला. एका कोपऱ्यावरून, दुसऱ्या कोपऱ्यावरून, बराच वेळ. बाहेर येऊन म्हणाला, "हे ताजं काम गाढवानं केलं. पन त्याच्या आधीचं जे काम हाये, ते कोन्या मिस्त्रीनं केलं?"

"मीच," दयाराम म्हणाला. त्याला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

"तू आत होता?"

"नाई. मी बाहेरून हानतो. आत मंडळी असते. ती धरते."

गुलाबरावनं त्याच्याकडे पाहिलं. "दयाराम, तू माह्या दुकानापुढं एकोणीस दिवस बसून होता. तवा मी कुठी होतो?"

दयाराम आठवू लागला. हातोडी मारणारी दोन पोरं त्याला स्वच्छ दिसत होती. त्यांच्या बनियनचा रंगसुद्धा आठवत होता. गुलाबराव मात्र कुठंच दिसेना.

"मी आत होतो," गुलाबराव म्हणाला. "हातोडी कोनीई हानते. पत्रा कुठी दबला, कुठी तानला, हे आतल्या हाताले कयते. तो सांगन तठी बाहेरच्यानं हानाचं. बावीस वर्सं तुले मिस्त्री भेटला होता गड्या, आन तू त्याले काय म्हनला?"

गुलाबरावनंही व्हिडिओ पाहिला होता.

"मंग तुमीच काढून द्या हा पोचा," दयाराम म्हणाला.

"देतो न. उद्या."

गुलाबरावचा उद्या म्हणजे काय हे दयारामला माहीत होतं. तो जीप घेऊन घरी आला.

शनिवारी दिवस मावळताना मंजुळाबाई ओट्यावर बसल्या होत्या. दयाराम त्यांच्यापासून हातभर अंतरावर टेकला. असं तो सहसा टेकत नसे. मग म्हणाला, "चुकलं माहं."

"काय चुकलं?"

"तुहं नाव घ्याचं राह्यलं त्या मोबाइलवर. उद्या घेतो. मंजुळाबाई दयाराम उमाळे, असं पुरं घेतो."

"नावाचं काय लोनचं घालू?" मंजुळाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण आठवड्याचा सगळा राग त्यात होता. "तुमी एकट्यानं म्हनलं, त्याचं मले काई नाई. मानूस बोलते चार लोकाइत. पन नुसतं धरते म्हनलं तुमी. नुसतं! त्या नुसत्यात काय हाये, तुमाले ठावं हाये का?"

गुलाबरावनं सांगितलेलं दयारामला ठाऊक झालं होतं, पण ते आपल्याला ठाऊक आहे असं म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

"उद्या तुमी आत जा," मंजुळाबाई म्हणाल्या.

"आन बाहेर?"

"बाहेर मी."

"तुले हातोडी हानता येते?"

"बावीस वर्सं खाऊन राह्यली मी हातोडी. हानता बी येईन."

रविवारी सकाळी सातला दयाराम फालक्यातून आत शिरला. वर ताडपत्री होती, ती सातलाच तापायला लागली होती. बाकाखाली आडवं व्हायला जागा दीड हात. मान वाकडी, गुडघे फालक्याबाहेर, नाकात जुन्या लांबीची भुकटी. वरवंटा पोच्याच्या मागं लावला आणि म्हणाला, "हान."

मंजुळाबाईंनी हाणली.

दयाराम "अगं माय" असं ओरडला. आवाज कानात गेला नाही, दातांत गेला. वरवंट्यातून तळहातात, तळहातातून कोपरात आणि कोपरातून मानेत असं काहीतरी चढत गेलं. हात आपोआप मागं आला.

"हात काढू नोका," बाहेरून आवाज आला. "हात काढला का पोचा पडते."

दुसरा ठोका. तिसरा. मग ठोका येईना. दयाराम वाट पाहत राहिला. "काऊन थांबली?"

"तुमी सांगसान तवा हानीन न! दोनदा वाजवलं म्हंजे हान. एकदा म्हंजे थांब. घासलं म्हंजे सरक. बावीस वर्सं ऐकून राह्यले न तुमी?"

दयाराम ऐकत तर होताच. फक्त आपण हुकूम ऐकतो आहोत हे त्याला माहीत नव्हतं. आता त्यानं तळहात पत्र्यावर फिरवून पाहिला. कुठं दबलंय, कुठं ताणलंय, काही कळेना. अंदाजानं वरवंटा लावला, दोनदा वाजवलं. ठोका आला तो चुकीच्या जागी आला, पण त्यानंच तिथं मागितला होता. पुन्हा तळहात फिरवला. असं करता करता तासाभरात दोन पोचे उठले, एक बिघडला आणि तो पुन्हा उठला. मंजुळाबाई न बोलता हाणत होत्या. हात बेताचा, एकसारखा, जिथं मागितला तिथंच.

नऊला त्यांनी चहा आणला. दयाराम फालक्यातून बाहेर आला आणि खाली जमिनीवर बसला. कप घ्यायला उजवा हात पुढं केला, पण बोटं मिटेनात. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. त्यानं उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं कप घेतला. तोंडाला लावणार, तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. समोर मंजुळाबाईंनीही कप डाव्या हातात धरला होता.

त्यांनी तो आजच डाव्या हातात धरला होता असं नव्हतं. त्या नेहमीच तसा धरायच्या. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला बोलवायच्या. पाण्याची बादली डाव्या हातानं उचलायच्या. हे सगळं तो रोज बघत होता आणि ही हिची सवय आहे असं समजत होता.

"कईपासून?" त्यानं विचारलं.

"काय कईपासून?"

"हात."

मंजुळाबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "सुचिताची दहावी होती तवापासून. दोन बोटं त झोपलेलीच रायतात."

"सांगतलं काऊन नाई?"

"कोनाले सांगू? तुमाले बाहेर ऐकू येत नोतं."

दयारामला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत बायकोच्या बाबतीत त्याला असं वाटलं नव्हतं आणि असं वाटलं म्हणजे काय बोलायचं असतं हेही त्याला माहीत नव्हतं. चहा निवेपर्यंत तो कप तसाच धरून बसला. मग म्हणाला, "राहू दे तो पोचा. पोराइले सांगू, काढत नाई म्हनून. आजपासून हे काम बंद."

"अर्धं काम ठेवून?" मंजुळाबाई उठल्या. "चाळीस हजार लोकाइले सांगून बसले तुमी. तीन पोचे बाकी हायेत. चाला आत."

तो आत गेला. या वेळी डाव्या हाताचाही आधार लावला. एक पोचा उठला. मग दुसरा. शेवटचा तो मूळचा, बाभळीचा, ताटाएवढा. तो काठाकाठानं उठवत आणायचा असतो, एकदम मधे हाणला तर पत्रा फाटतो, हे दयाराम बावीस वर्षं लोकांना सांगत आला होता. काठ कुठं आहे ते आज पहिल्यांदा त्याच्या हाताला कळलं.

आणि दहा वाजायला पाच मिनिटं असताना नाल्याकडून जीपांचे आवाज आले.

नागसेन सगळ्यांच्या पुढं होता, मोबाइल हातात तयार ठेवून. त्याच्यामागं पंधरावीस पोरं, पाळीवरून धावत आलेलं निम्मं गाव, आणि किसनराव. चिंचेखाली मंजुळाबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, कपाळावर घाम, हातात हातोडी.

नागसेन थबकला. "काकू? तुम्ही?"

"हाव."

"काका कुठं आहेत?"

मंजुळाबाईंनी हातोडीचा दांडा पदराला पुसला. नागसेननं कोपऱ्याकडे पाहिलं. चार पोचे निघाले होते, पाचवा अर्ध्यावर आला होता. त्यानं वाकून पत्र्यावरून बोट फिरवलं. मोबाइल मंजुळाबाईंच्या तोंडासमोर आला. "काकू, म्हणजे हे सगळं काम तुम्ही करता?"

आत दयाराम मान वाकडी करून पडला होता. त्याला एक एक शब्द ऐकू येत होता.

"हाव," मंजुळाबाई म्हणाल्या. "सगळं एकटीनं."

नागसेनची नजर फिरत फिरत जीपच्या मागं गेली. तिथं फालक्यातून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायाची खाली पडली होती.

"आणि काकू, हे आत कोण आहे?"

"ते व्हय?" मंजुळाबाईंनी पायांकडे पाहिलं. "सुचिताचे बाबा हायेत. ते काय करतात? ते नुसतं धरतात."

सगळ्यांनी तो पहिला व्हिडिओ पाहिलेला होता. सगळे त्या पायांकडे पाहू लागले, की आता हे पाय बाहेर येतील, उभे राहतील आणि काहीतरी म्हणतील.

दयारामला म्हणायला पुष्कळ होतं. तोंड उघडलंही होतं. पण उजवा हात कोपरापर्यंत मुंग्यांनी भरला होता आणि तसा हात असताना खोटं काढायला जीभ वळेना. त्यानं तोंड मिटलं. तळहात पत्र्यावरून फिरवला, पोच्याचा काठ शोधला, वरवंटा तिथं नीट टेकवला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मग आतून दोनदा टकटक आलं, आणि मंजुळाबाईंनी हातोडी उचलली.